हातातून सुटतानाचा वेग

दिग्विजय सर रागावले असते तर सोनियाला बरं वाटलं असतं. साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या आठ बाय दहाच्या दुकानात ती अकरा वर्षं टायपिंग करत होती, आणि या अकरा वर्षांत तिच्यावर रागवायला येणाऱ्या माणसांची कधी टंचाई पडली नव्हती. कुणाच्या लग्नपत्रिकेत मामाचं नाव राहिलेलं, कुणाच्या अर्जावर मागच्या वर्षीची तारीख. रागावलेल्या माणसाला चुकलं म्हणता येतं, पान नवं काढून देता येतं, विषय तिथं संपतो. पण सर हसत हसत आत आले, अकरावीच्या क्लासचा भौतिकशास्त्राचा पेपर त्यांनी टेबलावर पसरला, सातव्या प्रश्नावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ताई, तुमच्या पेपरातला दगड अजून वरच चाललाय बघा. खाली यायचं नाव घेईना."

तिनं प्रश्न वाचला. एक दगड सेकंदाला वीस मीटर वेगानं सरळ वर फेकला, तर पंधरा मीटर उंचीवर असताना त्याचा वेग किती? खाली मुलांच्या सोयीसाठी सूत्र दिलेलं. सरांनी हातानं लिहिलेल्या कागदात यूच्या वर्गानंतर एक आडवी रेघ होती, वजाची. तिनं तिथं अधिक टाइप केलं होतं, आणि ते चुकून झालं नव्हतं, हेच तिला आता लख्ख आठवलं. हे सूत्र तिच्या बोटांखालून शेदोनशे वेळा तरी गेलं असेल, बहुतेक वेळा अधिक घेऊनच. सरांच्या पेनातून उभी रेघ उमटायची राहिली असेल असं वाटून तिनं आपण होऊन ती पुरी केली होती आणि वर, सरांची चूक गुपचूप निस्तरली म्हणून, मनातल्या मनात खूशही झाली होती. मक्षिकास्थाने मक्षिका करणाऱ्यानं मध्येच शहाणपणा केला की असं होतं. सर सांगत होते, की वजाऐवजी अधिक घातलं तर दगड जितका उंच जाईल तितका जोरात पळायला लागतो. बासष्ट पोरांपैकी साठांनी निमूट आकडे घालून सव्वीस उत्तर काढलं, एकानं काहीच लिहिलं नाही, आणि एका पोरीनं मात्र उत्तराखाली लिहिलं, ‘सर, दगड असा जाणार नाही.’ सगळ्यांना तीन मार्क वाटून टाकले म्हणाले, घाबरू नका, आणि पुढच्या पेपरचे कागद देऊन निघून गेले.

सोनिया घाबरली नव्हती. तिला त्या पोरीचा हेवा वाटला होता. काळ्या अक्षरांच्या पलीकडं त्या पोरीला खरोखरचा दगड दिसला होता आणि हिला अकरा वर्षांत एकदाही दिसला नव्हता. हिला अक्षरं दिसायची, त्यांचे आकार दिसायचे. की-बोर्डावर कुठलं ग्रीक चिन्ह कुठं आहे हे पाठ व्हावं म्हणून तिनं त्यांना घरगुती नावं ठेवली होती: एक पाय खाली सोडून बसलेला यू, शेपटीचा पी, काठी टेकून उभा राहिलेला म्हातारा, तंबू. तंबू कुठं घालायचा आणि म्हातारा कुठं उभा करायचा हे तिला झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं, पण तंबूत कोण राहतं हे माहीत नव्हतं. आणि टेबलाच्या खणात, बिलबुकाच्या खाली, मुक्त विद्यालयाच्या बारावीचा फॉर्म दीड महिना पडून होता. मराठी, इंग्रजी, भूगोल, गृहविज्ञान असे चार विषय तिनं सुवाच्य अक्षरात भरले होते. पाचव्याची जागा कोरी होती. शनिवार शेवटचा दिवस आणि आज गुरुवार. पाचवा विषय काहीही घेता आला असता. पण चौतिसाव्या वर्षी बारावीला बसायचं ते काही भूगोलासाठी नव्हतं. ज्या विषयानं एकदा पळवून लावलं होतं त्यालाच पुन्हा तोंड द्यायचं, नाहीतर आपलं डोकं त्यातलं नाहीच हे एकदाचं कबूल करून गप्प बसायचं, एवढीच गोष्ट होती. दीड महिना ती ना हे करत होती ना ते.

सहा वाजता दुकान बंद करून ती गोडोलीकडं चालत निघाली. तो दगड डोक्यातून जात नव्हता. वळणावर एका इमारतीचं काम चालू होतं. खाली उभा असलेला गडी एकेक वीट वर फेकत होता आणि पहिल्या मजल्यावरच्या फळीवर उभी असलेली बाई ती झेलून मागं रचत होती. सोनियानं हे हजारदा बघितलं असेल. आज ती थांबली. खालच्याच्या हातातून वीट सणकन सुटायची. त्या क्षणी मध्ये हात घातला असता तर बोटंच मोडली असती. पण वर बाईच्या हाताशी येईपर्यंत ती अशी काही मवाळ व्हायची, की बाई तिला झेलत नव्हतीच, फळीवरून डबा उचलावा तशी हवेतून नुसती उचलून घेत होती. एकदा गड्यानं जरा जास्त जोर लावला, तेव्हा बाई खेकसली, की अरे बाबा, माझ्या हाताशी थांबंल एवढीच टाक. हाताशी थांबेल एवढीच. म्हणजे विटेचा जोर वाटेत कुणीतरी काढून घेत होतं, थोडा थोडा करून, आणि गडी ते नुकसान आधीच धरून तेवढा जोर जास्तीचा घालून देत होता. त्याला आयुष्यात कुणी सूत्र शिकवलं नव्हतं. वजा. सोनियाच्या अंगावर काटा आला. काढून घेणारं कुणीतरी आहे, म्हणून वजा. इतकं साधं. आणि तिनं त्या आडव्या रेघेला उभी रेघ मारून, काढून घेणाऱ्यालाच देणारा करून टाकलं होतं.

घरी तिचा नवरा रविराज पहिल्या पाळीवरून येऊन चहा करत होता. एमआयडीसीत तो मशीनवर होता आणि माणूस मुळात चांगला होता, फक्त त्याला कुठल्याही प्रश्नाची सर्वात जवळची वाट पसंत असायची. पाचवा विषय चित्रकला घे की, असं त्यानं महिन्यापूर्वीच सुचवलं होतं आणि आज पुन्हा सुचवलं. मार्क पडल्याशी कारण. तिनं हं म्हटलं, चहा घेतला, भाजी निवडायला बसली आणि बसल्या बसल्या सांगलीला पोचली. सतरा वर्षं झाली. आटपाडीच्या बाजूच्या वस्तीवरून, दहावीला ब्याऐंशी टक्के पडले म्हणून, मास्तरांच्या हट्टानं ती सांगलीच्या कॉलेजात अकरावी सायन्सला आली होती. मेंढरं राखणाऱ्यांच्या घरातली पहिलीच. दुसऱ्या आठवड्यात फिजिक्सच्या सरांनी एक गणित सोडवलं, सेकंदाला बारा मीटर वेगानं जाणाऱ्या गाडीचं. फळ्यावर लिहिलं, यू बरोबर बारा. चार दिवसांनी दुसरंच गणित घालताना त्यांनी अचानक तिला उठवून विचारलं, यू म्हणजे काय? आणि तिनं, पाठ चोख असल्याच्या आनंदात, मोठ्यानं सांगितलं, "बारा." ऐंशी पोरांचा वर्ग हसला. सरही हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. आणि तिला कुणी सांगितलंच नाही की काय चुकलं.

चुकलं काय होतं हे तिला आज भाजीच्या देठांकडं बघता बघता कळत होतं, आणि हसू येत होतं आणि रडूही. खुणांचा एकच व्यवहार तिनं लहानपणापासून बघितला होता. उजव्या कानाला खाच असली की मेंढरू तिच्या वडिलांचं, आबांचं, म्हणजे वस्तीवरच्या भाषेत धुळाचं. पाठीवर हिरवा पट्टा असला की शेजारच्या नाथाजीचं. शंभर मेंढरांत मिसळू दे, पार कोकणापर्यंत जाऊन येऊ दे, खाच म्हणजे धुळा आणि पट्टा म्हणजे नाथाजी. आज धुळाची खाच उद्या नाथाजीची झाली तर डोकी फुटतील. खूण एकदा ज्याची त्याची, मरेपर्यंत. म्हणून यूला एकदा बारा म्हटल्यावर यू बाराचाच, हे तिच्या मनानं धरलं होतं, आणि दुसऱ्या गणितात यूला वीस म्हटल्यावर तिला सगळी लबाडी वाटायला लागली होती. शहरातल्या पोरांना ती लबाडी कळत होती आणि आपल्याला कळत नव्हती, म्हणजे डोकंच नाही, असा तिनं हिशेब लावला होता. दिवाळीच्या आधी तिनं आबांना निरोप धाडला, इथलं जेवण सोसत नाही. आबा आले, तिची पेटी डोक्यावर घेतली आणि एसटीत बसवून घेऊन गेले. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं नाही. पुढच्या वर्षी लग्न.

शुक्रवारी टाइप झालेला पुढचा पेपर न्यायला सर आले तेव्हा तिनं त्यांना स्टूल दिलं आणि विचारलं, यू म्हणजे काय ते मला सांगा. सर म्हणाले, सुरुवातीचा वेग. ते मी रोज टाइप करते, ती म्हणाली. मग तिनं विटांचं सांगितलं. खालच्या गड्याच्या हातातून सुटताना विटेचा जो जोर असतो तो यू का? आणि बाईच्या हाताशी उरतो तो व्ही? आणि वाटेत काढून घेतलं गेलं ते पुढचं वजाचं सगळं? सरांनी हातातला पेपर बाजूला ठेवला. त्यांना ही बाई अकरा वर्षं माहीत होती. ती विचारत असलेल्या गोष्टी त्यांच्या क्लासची पोरं विचारत नव्हती. जोर म्हणू नका, वेग म्हणा, एवढी एकच दुरुस्ती त्यांनी केली, आणि काढून घेते ती पृथ्वी, दर सेकंदाला दहाच्या आसपास, वर जाणाऱ्या कशाचाही दहा, वीट असो की कापसाची गाठ, तिला भेदभाव नाही. सोनियानं विचारलं, आणि यू किती?

"किती कुठला? कितीही. ज्यानं फेकली त्यानं ठरवायचं," सर म्हणाले. "ती रिकामी जागा आहे ताई. ज्याचं गणित, त्याचा आकडा तिथं येऊन बसतो, गणित संपलं की उठून जातो."

ते पेपर घेऊन गेले आणि ती स्क्रीनकडं बघत बसली. मेंढरांचा तळ. तिला एकदम दिसला. सुगी झालेल्या रानात मेंढरं बसवायला जागा धरतात, आज तिथं धुळाचा कळप, चार दिवसांनी नाथाजीचा, पुढच्या साली आणखी कुणाचा. तळाला नाव असतं, विहिरीजवळचा तळ, चिंचेखालचा तळ, आणि तळावर कोण आहे हे मात्र जाऊन बघावं लागतं. हेही तिला लहानपणापासून ठाऊक होतं. दोन्ही गोष्टी ठाऊक होत्या, खाच आणि तळ; तिनं फक्त चुकीची उचलली होती. एका साध्या चुकीसाठी सतरा वर्षं गेली याचा तिला त्या दुपारी इतका राग आला, की समोरच्या गिऱ्हाइकाला तिनं उगाचच दोन शब्द जास्त सुनावले.

तरी फॉर्मवरची जागा कोरीच राहिली. कळणं वेगळं आणि कॉलेजच्या त्या इमारतीत पुन्हा पाय ठेवणं वेगळं. फॉर्म द्यायचा होता सांगलीतच, त्याच कॉलेजात, कारण तिचा जुना दाखला तिथंच अडकला होता आणि मुक्त विद्यालयाचं केंद्रही तिथंच होतं. शनिवारी सकाळी एसटीत ती स्वतःला समजावत होती, की चित्रकला लिहून टाकावं, रविराज काही खोटं सांगत नाही. सांगली स्टँडवर आबा उभे होते. माहेरच्या ट्रंकेत राहिलेलं दहावीचं मार्कलिस्ट घेऊन ते आटपाडीहून पहिल्या गाडीनं आले होते, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून, वर सुतळी. सत्तरी पार झालेली, कमरेत जरा वाकलेले, पटका मात्र पांढराशुभ्र. कॉलेजात खिडकीवरच्या क्लार्कनं दाखला शोधून दिला, फॉर्म उलटसुलट केला, पाचवा विषय लिहा म्हणाला आणि जेवणाची सुट्टी म्हणून खिडकी लावून घेतली. अडीचला या.

तासभर काढायचा म्हणून दोघं कृष्णेच्या घाटावर गेली. भर उन्हात तिथं चिटपाखरू नव्हतं. आबांनी भाकरी सोडली. सोनियानं भाकरीचा तुकडा हातातच धरून ठेवला. आबा म्हणाले, कसला इचार करतीस? आणि तिनं, सांगायचं नाही ठरवलेलं असताना, सगळं सांगितलं: बारा, वर्ग, हसणं, जेवण सोसत नाही ही थाप. आबा चावायचे थांबले. त्यांना काय कळलं असेल कुणास ठाऊक, पण त्यांनी विचारलं, ह्यो यू असतो तरी कसला? तिनं पायरीवरचा एक गोटा त्यांच्या हातात दिला आणि सरळ वर फेका म्हटलं, जीव लावून. आबांनी पटका सावरला. आयुष्यभर गोफण फिरवलेला हात होता. गोटा सुटला, वर गेला, वर एका जागी थबकला असं वाटतंय तोवर परतला आणि पायाशीच्या वाळूत रुतला. मोबाइलच्या घड्याळात दोन पूर्णांक सहा सेकंद झाले होते. जायला साधारण निम्मे, यायला निम्मे. जायला लागलेल्या एक पूर्णांक तीन सेकंदांत पृथ्वीनं दर सेकंदाला दहा असे तेरा काढून घेतले आणि याच्याकडं काही उरलं नाही, म्हणजे निघताना याच्याकडं तेरा होते. तिनं ते मार्कलिस्टच्या पिशवीतल्या एका कोऱ्या कागदावर, यू लिहून त्यापुढच्या रेघेवर मांडलं आणि ओरडायचं तेवढं बाकी ठेवून म्हणाली, तेरा, आबा, तुमच्या हातातून सुटताना तेरा. मग तिनं स्वतः फेकला. दोन सेकंद, म्हणून त्याच रेघेवर दहा.

आबा कागदाकडं बघत होते. त्यांना वाचता येत नव्हतं, पण रेघ कुठं आणि आकडा कुठं हे दिसत होतं.

"म्हंजी हितं माजं तेरा हाय," ते म्हणाले, "आन् तू टाकलास तवा हितंच तुजं धा आलं."

"व्हय."

"आन् नाथाजीनं टाकला तर त्येचं."

"व्हय आबा."

"मग ह्यात हसन्यासारकं काय हाय? जागा एकच, मानूस येगळं. कुनी बी इच्यारलं आस्तं तर तू सांगितलं आस्तंस. त्येनी तुला नीट इच्यारलंच न्हाई."

सोनियाला हुंदका आला. जे सतरा वर्षं तिच्या डोक्यात शिरलं नाही म्हणून तिनं स्वतःला नावं ठेवली, ते अंगठेबहाद्दर आबांना भाकरीच्या दोन घासांमध्ये कळलं होतं. म्हणजे तिच्या डोक्यात काही कमी नव्हतं, कधीच नव्हतं. ती रडत असताना आबा नदीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "येक सांगू का? तू तवा परत आलीस, मला बरं वाटलं व्हतं. तुजी आई आजारी, मेंढरामागं मानूस न्हाई. जेवान सोसत न्हाई ही थाप हाय ह्ये मला कळलं व्हतं. हितल्या मास्तरला जाऊन भेटावं असं लय मनात आलं. न्हाई गेलो."

तिला राग आला, खरा राग, आणि तो तिनं गिळला नाही. तुम्ही भेटायला हवं होतं, ती म्हणाली. आबांनी मान हलवली, हो म्हणाले, चुकलंच. त्यांच्या तोंडून हा शब्द तिनं पहिल्यांदा ऐकला. ऐकल्यावर राग एकदम गेला असं झालं नाही, पण त्याच्या आत दडून बसलेली भीती मात्र कुठंतरी निघून गेली होती. तिनं चाचपून बघितलं तर ती जागा मोकळी होती. तिनं उरलेली भाकरी खाल्ली. तिला सपाटून भूक लागली होती.

अडीचला खिडकी उघडली. तिनं क्लार्कच्याच पेननं पाचव्या जागेवर भौतिकशास्त्र लिहिलं. तो म्हणाला, बाई, याला प्रॅक्टिकल असतात, साताऱ्याहून दहा-बारा रविवार इथं यावं लागेल, उभं राहून पोरांबरोबर करावं लागेल, विचार करा. तिनं विचारलं, किती वाजता यायचं? त्यानं शिक्का मारला आणि पावती फाडून दिली.

साताऱ्याची गाडी लागली होती. आबांनी तिला खिडकीजवळची जागा धरून दिली, पिशवी मांडीवर ठेवली, खाली उतरले आणि तिच्या खिडकीखाली येऊन उभे राहिले. कंडक्टरनं दोरी ओढायच्या आधी त्यांनी गजाला हात लावला.

"ह्या बारीला मी न्यायला यायचा न्हाई बग," ते म्हणाले.

"नका येऊ, आबा," सोनिया म्हणाली. गाडी मागं सरकली, वळली, आणि आबा आटपाडीची गाडी कुठं लागते ते विचारायला चौकशीच्या खिडकीकडं गेले.